त्याची उचल फिटली का?

बीड शहरात रेल्वे यायला तीस वर्षं लागली. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली, आणि अहिल्यानगरकडून निघालेले रूळ बीडपर्यंत पोचून गाडी धावली १७ सप्टेंबर २०२५ला. मंजुरीच्या वर्षी मी दुसरीत होते. गाडी आली तेव्हा सहावी-सातवीला विज्ञान शिकवत होते. विज्ञान-कादंबऱ्यांत ‘पिढ्यांचं जहाज’ नावाचा एक ठरलेला प्रकार असतो. दूरच्या ताऱ्याकडं यान निघतं. निघणारे वाटेतच मरतात, पोचतात ते त्यांचे नातू-पणतू. ही कल्पना भल्याभल्यांना थक्क करते म्हणे. आमच्याकडं ती समजावून सांगायला एक मिनिट पुरतं.

लिऊ त्सुशिनची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ वाचतानाही मला हेच झालं. कादंबरी मूळ चिनी, २००८ सालची. इंग्रजीत २०१४मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. परग्रहावरचं आरमार पृथ्वीकडं निघालंय, पोचायला चारशेहून जास्त वर्षं लागतील, आणि हे आज सगळ्यांना कळलंय. काही येणार आहे हे पक्कं माहीत असलं, पण आपल्या हयातीत येणार नाही, तर माणसं कशी वागतात? लिऊनं या प्रश्नाची उत्तरं तीन जाडजूड खंडांत दिली आहेत. आष्टी तालुक्यात कृष्णेच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यांनी ती फुकटात दिली असती. तरीही त्या पुस्तकाची सुरुवात मला सोडत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात एका प्राध्यापकाला भर सभेत मारून टाकतात आणि त्याची मुलगी ते पाहते. पुढं कधीतरी तीच मुलगी आकाशात उत्तर पाठवते, ‘या’ म्हणून. माणसांवरचा विश्वास उडालेल्या एका बाईमुळं पृथ्वीचं भवितव्य ठरतं. खगोलशास्त्र त्यानंतर येतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कुठून बोलतेय ते कळेल. मी धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे आईबाप ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीला ते जायचे ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या पुढंमागं परत यायचे. मी आजीपाशी राहून शिकले. इंग्रजी मला येतं ते शब्दकोश शेजारी ठेवून येतं. एक कादंबरी संपायला दोन महिने लागतात. फोनवर वाचते, बहुतेक रात्री. गेल्या चार-पाच वर्षांत अलीकडच्या विज्ञान-कादंबऱ्या अशा एकेक करून वाचत आले. ही परीक्षणं नाहीत. इथं बसून वाचताना काय काय झालं तेवढं लिहितेय. कथानकं फुटतील, ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी पुस्तकं वाचून यावं.

सगळ्यात जास्त भांडले ते किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’शी. २०२० साली आलेली ही कादंबरी उत्तर प्रदेशातल्या एका गावात सुरू होते. उष्णतेची लाट आलीय, वीज गेलीय. फ्रँक नावाचा अमेरिकन तरुण तिथं मदतसंस्थेच्या दवाखान्यात काम करतोय. त्याचा जनरेटर आणि एसी बंदुकीच्या धाकानं पळवतात. शेवटी गाव तळ्यात जाऊन बसतं, पण तळ्याचं पाणीच तापलेलं. सकाळी सगळे मेलेले असतात, एकटा फ्रँक वाचतो. त्या लाटेत देशात दोन कोटी माणसं जातात.

हे प्रकरण मी मे महिन्यात वाचलं, बाहेर ४२ अंश असताना, आणि पहिला विचार शिक्षकाचा आला: आपण ४२ला मरत नाही, मग ही माणसं का मेली? उत्तर पुस्तकात आहे आणि घरोघरच्या माठातही आहे. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. आपला घामही तेच करतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर तो जे तापमान दाखवतो, त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात हवा ४२ला असली आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर हे ओलं तापमान २२च्या आसपासच राहतं. म्हणून माठ गार, कूलर गार, आणि माणूस कसाबसा जिवंत. पण हवा दमट झाली की घाम उडत नाही. ओलं तापमान ३५ला पोचलं तर सावलीत बसलेला, पाणी पिणारा धडधाकट माणूसही काही तासांपलीकडं तग धरत नाही. पोरांना मी माठ आणि दोन थर्मामीटर घेऊन हे दाखवलं. रॉबिन्सनचा हा उपकार मी मानते. त्या दिवसानंतर वर्गात कुणी ‘माठात पाणी गार का होतं’ला ‘माती गार असते म्हणून’ असं उत्तर दिलं नाही.

भांडण पुढं आहे. दोन कोटी मेले, आणि साडेपाचशे पानं आपण कुणाच्या दुःस्वप्नांसोबत राहतो? फ्रँकच्या. मेलेल्या गावातल्या एकाही माणसाचं घर आपल्याला दिसत नाही. कुणाची म्हैस दावणीला होती, कुणाचं लग्न ठरलं होतं, काही नाही. कादंबरी तिथून झुरिचला जाते आणि तिथंच मुक्काम ठोकते. न्याय म्हणून सांगते, लेखकाला हे जाणवलेलं असावं. मधेमधे निनावी माणसांची छोटी प्रकरणं येतात, निर्वासित बोलतात, कार्बनचा अणूदेखील बोलतो. पण अणूला मिळालेला उत्तम पुरुष तळ्यातल्या माणसाला मिळत नाही, हे मला पचलं नाही.

एवढं असूनही हे पुस्तक मी दोनदा वाचलं, कारण त्यात बैठका आहेत. बँकांचे गव्हर्नर, ठराव, तक्ते, टक्केवाऱ्या. पुष्कळांना याच भागाचा कंटाळा येतो. मला तो सगळ्यात ओळखीचा वाटला. आमच्याकडं दुष्काळ आभाळातून जेवढा येतो तेवढाच कागदावरून येतो. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळसदृश परिस्थिती, ५१ असली की नाही. रानात पिकाचा एकच सड दिसत असतो, पण आकडा कुठल्या बाजूला पडतो यावर परीक्षा फी माफ होणार की नाही ते ठरतं. २०१९च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. माणसं जनावरांसोबत महिनोन् महिने तिथं राहिली. आणि २०२५च्या सप्टेंबरात त्याच जिल्ह्यात सिंदफणेचं पाणी घरात शिरलं, सोयाबीन आणि कापूस उभे सडले. हवामान बदल म्हणजे तापमान वाढणं एवढंच आम्ही पुस्तकात शिकवतो. प्रत्यक्षात तो पंचनामा होऊन येतो. हे एवढं जाणणारी इंग्रजी कादंबरी मी दुसरी वाचलेली नाही, म्हणून भांडण असूनही ती सोडवत नाही.

अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) हा अगदी वेगळा अनुभव. तिचा नायक रायलँड ग्रेस हा शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. एवढ्यानंच मी विकली गेले. सूर्याचं तेज खाणारे सूक्ष्मजीव सापडतात, पृथ्वी गारठणार असते, आणि हा मास्तर एका यानात एकटाच जागा होतो. स्वतःचं नावही आठवत नाही. मग दोरी, घड्याळ, पडणाऱ्या वस्तू वापरून तो आपण कुठं आहोत ते मोजून काढतो. पुढं त्याला भेटतो रॉकी, कोळ्यासारखा पाच पायांचा परग्रहवासी, सुरांमध्ये बोलणारा, सहाच्या पटीत मोजणारा. दोघं एकमेकांची भाषा शिकतात ती आकड्यांपासून.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, रोज शेवटच्या तासाला थोडी थोडी, पंधरा दिवस. सहाच्या पटीत मोजायचं म्हणजे काय हे फळ्यावर लिहून दाखवायला लागले, तर एक पोरगी म्हणाली, बाई, मोळ्या मोजतात तसं का? तिची आई ऊस बांधते. एवढे ऊस म्हणजे एक मोळी, एवढ्या मोळ्या म्हणजे एक खेप. गट करून मोजायचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या आठवड्यात सगळा वर्ग सहाच्या पटीत हजेरी देत होता.

पण ती कादंबरी मोठ्या माणसानं वाचली की एक गोष्ट खुपते. सगळं जग वाचवायचं काम एका बाईच्या हाती दिलं जातं, तिला कुठलाही कायदा लागू नाही, आणि ते फार सोयीचं आहे असं पुस्तक हसतखेळत सांगतं. शेवटाकडं कळतं की ग्रेस आपखुशीनं निघालाच नव्हता. तो ‘नाही’ म्हणाला होता, त्याला गुंगीत घालून यानात चढवलं. मला वाटलं, आता पुस्तक इथं थांबेल. नाही थांबत. दोन पानांत पुढच्या प्रयोगाला लागतं. ज्याला न विचारता पाठवलं त्याचं काम फत्ते झालं की विचारण्याचा प्रश्नच उरत नाही, असा त्याचा हिशेब आहे. पोरांना मी हा भाग गाळून सांगितला नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांना दिवाळीनंतर कुणी न विचारताच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवतं. ती गप्प ऐकत होती.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडं येते. मार्था वेल्स यांची ‘ऑल सिस्टिम्स रेड’, २०१७ची, लहानशी, दीडशे पानांची. तिच्यापासून ‘मर्डरबॉट’ची मालिका सुरू झाली. निवेदक आहे एक सुरक्षा-यंत्र. अर्धं यंत्र, अर्धं पेशींपासून वाढवलेलं शरीर. ते एका कंपनीच्या मालकीचं आहे. कुणाला नव्या ग्रहावर पाहणी करायची असली की कंपनी विमा देते, आणि विम्याची अट म्हणून हे यंत्र भाड्यानं घ्यावंच लागतं. त्याच्या डोक्यात एक नियंत्रक बसवलेला असतो. आज्ञा मोडली तर तो शिक्षा देतो. आपल्या निवेदकानं तो गुपचूप निकामी केलाय. आता ते मोकळं आहे, कुणालाही मारू शकतं. प्रत्यक्षात ते काय करतं? हजारो तासांच्या मालिका उतरवून घेतं आणि कामावर उभ्या उभ्या बघत बसतं. माणसांशी डोळ्याला डोळा भिडवायचा त्याला संकोच वाटतो. काम मात्र चोख करतं.

इंग्रजीत त्याला ‘इट’ म्हणतात आणि तो शब्द थंड आहे, वस्तूसाठीचा आहे. इंग्रजी वाचकाला तो टोचावा अशीच लेखिकेची इच्छा असणार. मी ते वाचताना मनात मराठी होत गेलं आणि ‘ते’ आलं. आमच्याकडं ‘ते’ म्हणजे वासरू, लेकरू, पोर. ‘ते झोपलंय, त्याला उठवू नको.’ त्यामुळं मर्डरबॉट मला पहिल्या पानापासून लेकरासारखं वाटलं, इंग्रजी वाचकाला तिथं पोचायला शंभर पानं लागत असतील. भाषांतरात काय काय हरवतं ते नेहमी सांगतात. इथं मराठीत आपोआप काहीतरी मिळतं.

आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम विचारतो, यंदा किती कोयते? टोळीत बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं. एकटा पुरुष किंवा एकटी बाई गेली तर तो ‘अर्धा कोयता’. डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरायची असेल तर डोकी सेंटर, बैलगाडी असेल तर गाडी सेंटर. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि मग टनावारी तोडून ती फेडायची. एक दिवस बुडाला तर खाडा. खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. हंगाम संपताना फिटली तर फिटली, नाही तर राहिलेली पुढच्या सालावर. हे शब्द मी जन्मापासून ऐकत आले. माणसाला त्याच्या हत्याराच्या नावानं मोजतात हे मला कधी विचित्र वाटलं नव्हतं. निवेदक स्वतःला ‘युनिट’ म्हणवतो ते वाचलं, फोन बाजूला ठेवला, आणि ‘कोयता’ हा शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकू आला.

ही गोष्ट मी मायला सांगितली. ती आता तोडीला जात नाही, गुडघे गेलेत. संध्याकाळी तूर निवडत बसली होती.

“म्हंजी भाड्यानं लावलंय त्याला?” तिनं विचारलं.

“हो.”

“आन् भाडं कुनाला जातंय?”

“कंपनीला.”

“मुकादमाला म्हन की.”

पुढं सांगत गेले. त्या पाहणीच्या तुकडीवर हल्ला होतो, मर्डरबॉट त्यांना वाचवतं, स्वतः मोडतं-तुटतं. तुकडीची प्रमुख डॉ. मेन्सा कंपनीकडून त्याला विकत घेते, आपल्या देशात न्यायचं ठरवते. तिथं यंत्रांना हक्क आहेत, फक्त कुणीतरी पालक लागतो. मला वाटलं, शेवट गोड झाला. मायनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“मंग त्याची उचल फिटली का?”

“त्या बाईनं पैसे भरले ना माय.”

“म्हंजी आदीच्या मुकादमाचे पैशे नव्या मुकादमानं भरले. आता ते तिच्याकडं राबनार.”

“तसं नाही, ती चांगली आहे.”

“चांगलीच असती गं. आपला पह्यला मुकादम बी चांगलाच व्हता.”

शेवटची काही पानं मी तिला अजून सांगितलीच नव्हती. त्या पानांत मर्डरबॉटही जवळपास याच विचाराशी येऊन थांबतं. मेन्सा चांगली आहे, ते तिचा राग करत नाही. पण आपल्याला काय हवंय हे दुसऱ्या कुणी ठरवावं हे त्याला नको असतं. ते रात्री साध्या माणसासारखे कपडे घालून एका मालवाहू जहाजात शिरतं आणि निघून जातं. मायला हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, “बरं केलं,” आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळालेलं पुस्तक आहे. त्यावर परदेशात पुष्कळ लिहिलं गेलंय: स्वायत्तता, यंत्राची जाणीव, माणूसपणाची व्याख्या. त्या सगळ्या चर्चेपेक्षा मला मायचा प्रश्न नेमका वाटतो. माणूसपण हा भल्याभल्यांचा विषय झाला, पण मोकळं होण्याची किंमत कुणी भरली आणि आता तो कुणाचा देणेकरी, हे विचारायला देणं माहीत असावं लागतं.

यानंतर न्नेडी ओकोराफोरची ‘नूर’ (२०२१) वाचली आणि तिथं मात्र मला हलकं वाटलं नाही. नजीकच्या भविष्यातला नायजेरिया. नायिका एओ जन्मतःच काही अवयवांत अधू, पुढं अपघातात आणखी गमावलेलं. तिनं हातपाय यंत्राचे बसवून घेतलेत. तिला ते आवडतात, बाजारातल्या लोकांना ती सैतान वाटते. एके दिवशी बाजारात तिच्यावर हल्ला होतो, तिच्या हातून माणसं मरतात आणि ती उत्तरेच्या वाळवंटाकडं पळते. तिला एक गुराखी भेटतो, त्याच्याजवळ दोनच बैल उरलेत. दोघांसमोर एक कायमचं वावटळीचं वादळ आहे, आणि त्या वादळातून वीज काढणाऱ्या एका बलाढ्य कंपनीच्या पवनचक्क्या. ‘नूर’ हे त्या पवनचक्क्यांचंच नाव.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरांवरही पवनचक्क्या फिरतात. रात्री त्यांचे लाल दिवे लुकलुकतात. परगावचे पाहुणे म्हणतात, किती छान दिसतं. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना मारलं गेलं. आरोपपत्रात त्या खुनाचा धागा पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीशी जोडलेला आहे. त्यानंतर मला ते दिवे पूर्वीसारखे दिसत नाहीत. हिरवी ऊर्जा म्हटलं की सगळं स्वच्छ असं आम्ही आठवीच्या धड्यात शिकवतो. ओकोराफोरला ठाऊक आहे की वारा स्वच्छ असला तरी तो ज्या जमिनीवरून वाहतो तिच्यावर मालक असतात, दलाल असतात, आणि मधे सापडलेली माणसं असतात.

पण मला अडवलं ते एओच्या शरीरानं. जगता यावं म्हणून तिनं शरीरात भर घातली. आमच्याकडं काम करता यावं म्हणून बायकांनी शरीरातून काढून टाकलं. जून २०१९मध्ये विधान परिषदेत सरकारनं सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं हे ऑपरेशन झालेलं निघालं. कारणं गुंतागुंतीची नाहीत. कोपीला संडास नाही, पाणी नाही, पाळीत कापड वाळवायला जागा नाही, अंगावरून जायला लागलं तर विश्रांती नाही, आणि एका दिवसाच्या खाड्याचे पैसे मोजून द्यायचे. त्यात कुणी पांढरा कोट घातलेला माणूस म्हणतो, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. बाई उचलीतून पैसे काढते आणि मोकळी होते. माझ्या मायचं पिशवीचं ऑपरेशन ती तिशीची व्हायच्या आत झालं, आकडे मोजायला कुणी यायच्या कितीतरी वर्षं आधी. पुढच्या हंगामाला ती पुन्हा फडात होती. गुडघे आणि कंबर गेली ती तेव्हापासून.

‘नूर’मध्ये लोक एओला विचारतात, तू अजून माणूस आहेस का? तो प्रश्न वाचताना मी चिडले. इथं कुणी मायला असं विचारलं नाही, कारण ती यंत्रासारखी दिसत नव्हती. भविष्यातलं शरीर म्हणजे चमकणारा पोलादी हात असं मी चित्रांत पाहिलेलं. कामाच्या सोयीसाठी दुरुस्त केलेलं शरीर माझ्याच घरात भाकरी थापत होतं. विज्ञान-कादंबरीनं मला नवं काही सांगितलं म्हणण्यापेक्षा, माहीत असलेल्या गोष्टीवर तिनं बोट ठेवलं. ते वाचून झाल्यावर मी मायला त्या ऑपरेशनबद्दल पहिल्यांदा सविस्तर विचारलं. तिनं सांगितलं. ते इथं लिहिण्याचं नाही.

काझुओ इशिगुरोच्या ‘क्लारा अँड द सन’बद्दल (२०२१) थोडक्यात. त्यात श्रीमंत घरांत मुलांची जनुकं सुधारून घेतात, म्हणजे चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळतो. त्या उपचारानं काही मुलं आजारी पडतात, काही मरतात, तरी आईबाप करून घेतात. पुस्तक शांत आहे आणि म्हणूनच भीती घालतं. लातूरच्या क्लासची फी भरायला वाढीव उचल घेणारे आईबाप मला ठाऊक आहेत. त्यांच्या पोरांच्या डोळ्यांत जे असतं ते इशिगुरोच्या जोसीच्या डोळ्यांत आहे. याहून जास्त त्यावर बोलवत नाही.

आता मराठीकडं. मला विज्ञानकथेची गोडी लावली ती जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’नं, शाळेच्या पेटीतल्या एका फाटक्या प्रतीनं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली होती आणि ती पहिली आली होती, ही हकिगत मी पोरांना दरवर्षी सांगते. २० मे २०२५ला ते गेले त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, नाही तर मी वर्ग भरवला असता. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्यावर माझी पिढी वाढली. त्यांनी विज्ञान मराठीत बोलतं केलं. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेतला मराठी शास्त्रज्ञ जगाच्या बरोबरीनं उभा राहतो हे वाचून गावातल्या पोरीला काय वाटलं असेल, ते मी सांगू शकते: आपणही जाऊ शकतो असं वाटलं. ते थोडं नाही.

पण त्या कथांत प्रश्न पडायचे ते शास्त्रज्ञाला. शोध, धोका, उलगडा. परदेशातही बराच काळ तसंच होतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या ज्या कादंबऱ्यांबद्दल वर लिहिलं, त्यांतल्या मला भावलेल्या भागांत प्रश्न पडतात ते भाड्यानं लावलेल्याला, गुराख्याला, न विचारता पाठवलेल्याला. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो, आणि मराठीत तो अजून व्हायचाय. ग्रामीण साहित्य आणि दलित साहित्य यांनी कोयता, फड, कोपी, पाचट हे सगळं कधीच मराठीत आणलं. विज्ञानकथेनं कृष्णविवर आणलं. दोन्ही एकाच पानावर आलेली कादंबरी मी शोधतेय.

तिच्यासाठी कथानक बाहेरून आणायचीही गरज नाही. ऊसतोडणी यंत्र आलंय. हार्वेस्टर. सरकार त्याला अनुदान देतं, मोठ्या बागायतदारांच्या फडात ते फिरताना दिसतं. कितीतरी कोयत्यांचं काम ते एकटं करतं. इंग्रजी कादंबरीत यंत्र माणसाची जागा घेतं तेव्हा एक तर बंड होतं किंवा सगळे निवांत होतात. इथं काय होईल? ज्या कामानं मायचं शरीर संपवलं ते काम संपलं, याचा आनंद मानायचा की नाही? राहिलेली उचल कुणी फेडायची? फडात जन्मलेली पोरगी ते यंत्र चालवायला शिकेल का, की त्याच्या खुर्चीवरही मुकादमाचाच पोरगा बसेल? धारूरच्या घाटातून दिवाळीनंतर एकही ट्रॅक्टर भरून गेला नाही, तर ते वर्ष आमच्या गावाला सणाचं वाटेल की दुष्काळाचं? मला उत्तरं माहीत नाहीत. ज्या कादंबरीकाराला माहीत असतील त्यानंही लगेच सांगू नयेत, चारशे पानं घ्यावीत.

कुणी विचारलं यातलं आधी काय वाचू, तर ‘ऑल सिस्टिम्स रेड’ म्हणेन. लहान आहे, इंग्रजी फार अवघड नाही, हसवते. मराठीत कुणी आणली तर ‘ते’ हे सर्वनाम तेवढं बदलू नये. ‘मिनिस्ट्री’ उन्हाळ्यात वाचावी, माठ शेजारी ठेवून. ‘नूर’ वाचून झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या बाईशी बोलावं.

मर्डरबॉटचा दुसरा भाग, ‘आर्टिफिशियल कंडिशन’, मी नुकताच संपवलाय. त्यात ते एका खाणीच्या गावी जातं आणि तीन कामगार पोरांच्या बाजूनं उभं राहतं, कारण मालकानं त्यांचं काम हिसकावून घेऊन त्यांना हाकललंय. मालकाशी बोलणी कशी करायची, कुठं बसायचं, पाठ कुणाकडं करायची नाही, हे सगळं ते मालिका बघून शिकलेलं असतं. मायनं विचारलंय, पुढं काय झालं म्हणून. पण मावशीची टोळी अजून पश्चिम महाराष्ट्रात आहे. पट्टा पडून ती घरी आली की दोघींना एकदमच सांगेन. हिशेबाच्या गोष्टीत मावशी मायपेक्षा हुशार आहे.